इन्क्युबेटरमधले डबे

रुजू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी दीपालीने प्रयोगशाळेतला इन्क्युबेटर उघडला आणि आतून मेथीच्या भाजीचा वास आला.

आत पाच स्टीलचे डबे होते. अगदी ओळीने, खालच्या कप्प्यात, कुणाच्या तरी घरच्या फडताळात असावेत तसे. त्यांच्या झाकणांवर काचपट्ट्यांची पेटी निवांत टेकून बसली होती आणि पेटीशेजारी वीर्य पातळ करायच्या द्रावाच्या नळ्या उभ्या होत्या. दीपालीने हातमोजे घातले, एकेक डबा दोन बोटांनी उचलला आणि बाहेरच्या टेबलावर मांडला. पाचवा डबा ठेवताना तिच्या कपाळावर इतक्या आठ्या पडल्या होत्या, की दारातून आत येणारे मैनुद्दीनभाई उंबऱ्यातच थांबले.

"हे कुणाचे?" तिने विचारलं.

"सगळ्यांचे आहेत, मॅडम. तो चपटा माझा." मैनुद्दीनभाई शांतपणे म्हणाले. "थंडीत जेवण गरम राहतं. सदतीस डिग्री."

मैनुद्दीनभाई सव्वीस वर्षं या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. दीपालीच्या आधीच्या साहेबांचा डबाही याच कप्प्यात असायचा आणि त्या साहेबांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं. पण दीपाली विचारणाऱ्यांतली होती. वारज्याहून रोज पाऊण तास स्कूटर चालवत ती यायची, पीएचडी झाली होती, आणि प्रयोगशाळेत अन्न ठेवू नये हे तिला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं. त्यात तिचं काही चुकलंही नव्हतं. फक्त बरोबर असलेल्या माणसाला कुठे थांबावं हे सुचत नाही, तेवढी एक उणीव तिच्यात होती. तिने त्याच दुपारी एक कागद छापून इन्क्युबेटरच्या दाराला चिकटवला: "हे यंत्र शुक्राणूंसाठी आहे. वरण-भातासाठी नाही. हुकमावरून."

मैनुद्दीनभाईंनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला. "अक्षर ठळक आहे," एवढंच म्हणाले.

तर हे केंद्र असं. चारी बाजूंनी आता उंच इमारती उठल्या आहेत. मधे झाडी आहे, आणि झाडीआड काही वळू, काही रेडे ऐषारामात राहतात, हे समोरच्या सोसायटीतल्या लोकांनाही नीटसं ठाऊक नाही. रेड्यांचं आणि वळूंचं वीर्य गोळा करायचं, तपासायचं, पातळ करून बारीक कांड्यांमध्ये भरायचं, गोठवायचं आणि गावोगावच्या म्हशी-गाईंसाठी धाडायचं, हे इथलं काम. त्यातली तपासणी दीपालीकडे. सकाळी गोठ्याकडच्या खिडकीतून कोमट नळी आत यायची. तिच्यातला एक थेंब गरम काचपट्टीवर, वर पातळ काच, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं की शंभरातले किती शुक्राणू सरळ रेषेत पुढे धावतायत. सत्तर धावले तर नमुना पास. त्याखाली गेला तर मोरीत.

हे काम दीपालीला मनापासून आवडायचं. चांगल्या नमुन्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर आला, की उकळी फुटल्यासारखं सगळं गरगरताना दिसायचं, आणि इतक्या वर्षांनंतरही तिला आतून बरं वाटायचं. कॉलेजात ती मित्रमैत्रिणींना सांगायची, की या जिवांची सगळी ताकद उबेवर आहे. गार काचेला टेकले, की तिथल्या तिथे सुस्तावतात, काही तर शेपटीचा आकडा करून बसतात, आणि एकदा बसलेला तो गारठा नंतर कितीही ऊब दिली तरी पुरता जात नाही. हे सगळं तिला पाठ होतं. आता पाठ असलेली गोष्ट माणसाला समोर दिसतेच असं नाही, हे पुढे कळेल.

डबे बाहेर आल्यावर लोक गार जेवू लागले. काचसामान धुणाऱ्या सुशीलाबाईंनी दोन दिवस दीपालीशी तुटक बोलून पाहिलं, मग त्यांनाच करमेना, तेव्हा त्यांनी तो नाद सोडला. दीपालीचा स्वतःचा डबाही गारच. गार पोळी चावताना ती मनाशी म्हणायची, नियम म्हणजे नियम.

आणि जानेवारीत सरदारचे आकडे घसरले.

सरदार हा पंढरपुरी रेडा. शिंगं पाठीपर्यंत गेलेली, नजर राजासारखी आणि स्वभाव अगदी गरीब. त्याचा आकडा पूर्वीपासूनच काठावरचा: बाहत्तर, त्र्याहत्तर, फार तर चौऱ्याहत्तर. बाकीचे रेडे पंच्याऐंशीला असायचे. पण सरदारच्या लेकी ज्या गोठ्यात होत्या, तिथून दुधाच्या आणि फॅटच्या अशा बातम्या यायच्या, की काठावर पास होणाऱ्या या विद्यार्थ्याला कुणी काही बोलत नसे. या खेपेस मात्र, डिसेंबरभराच्या विश्रांतीनंतर, त्याचा पहिला नमुना चौसष्ट आला. पुढच्या आठवड्यात एकसष्ट. त्याच्या पुढच्या आठवड्यात साठ.

सलग चार नमुने नापास झाले, की जनावर केंद्राच्या यादीतून बाद. हा नियम दीपालीने केलेला नव्हता, पण चौथ्या कागदावर सही तिची व्हायची होती. चौथा नमुना गुरुवारी.

बुधवारी सकाळी सरदारला सांभाळणारा उत्तरेश्वर प्रयोगशाळेच्या पायरीवर येऊन उभा राहिला. तो धाराशिवकडचा, बारा वर्षांपूर्वी पुण्यात आला तो थेट या गोठ्यावर. सरदार वासरू होता तेव्हापासून त्याच्या हाताखाली. पायरीच्या वर तो कधी यायचा नाही, पायाला शेण असायचं म्हणून.

"मॅडम, उद्याचं कसं हाय?"

"उद्याचं उद्या कळेल, उत्तरेश्वर."

"खुराक वाढीवलाय म्या. सरकी पेंड, गूळ, मेथी. रातच्याला पाठीवर पोतं टाकतोय. उन्हात बांधतोय सकाळी." तो थांबला. "बाद झाला तर कुठं जातंय जनावर?"

"लिलाव होतो."

"आन् घेतंय कोण? वयात आलेला रेडा, आन् कागदावर नापास."

दीपालीला उत्तर माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं: खाटीक. उत्तरेश्वरने डोक्यावरचा मफलर काढून परत गुंडाळला आणि तो गोठ्याकडे निघून गेला. तिला त्या माणसाची दया आली, त्याहून जास्त त्या रेड्याची, आणि सहीवाल्या पेनाचा पहिल्यांदाच राग आला.

सगळे म्हणत होते, थंडीचं असं होतं. त्या वर्षी पुण्यात गारठा जरा जास्तच होता, त्यामुळे दीपालीलाही ते पटलं होतं. पण बुधवारी कांड्या भरायचं काम नव्हतं, हातात वेळ होता, आणि तिने कपाटातलं गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं. गेल्या जानेवारीतही थंडी होतीच. सरदार: चौऱ्याहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर.

म्हणजे थंडीवर खापर फोडता येत नव्हतं.

मग तिने चालू रजिस्टरात बाकीच्या रेड्यांची आणि वळूंची पानं उलटली. पंच्याऐंशीवाले सगळे पंच्याहत्तरवर आले होते. एकूण एक. पास होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सरदार एकटाच काठावर होता, म्हणून तो एकटाच खाली पडला. आणि सगळ्यांची घसरण सुरू कधी झाली, तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. सगळ्या गोठ्याला एकाच आठवड्यात काही आजार झाला, असं म्हणावं तर एकाही जनावराला साधा ताप नव्हता.

"मैनुद्दीनभाई," तिने हाक मारली, "डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आपण काय बदललं? द्राव? पाणी? काचपट्ट्यांचं खोकं?"

मैनुद्दीनभाईंनी विचार केला. "द्राव तोच. पाणी तेच. काचपट्ट्या त्याच." मग चष्मा पुसत म्हणाले, "त्या आठवड्यात आपण आलात."

हे त्यांनी इतक्या सरळ आवाजात सांगितलं, की टोमणा आहे की माहिती आहे ते दीपालीला कळेना. बहुधा दोन्ही असावं.

ती इन्क्युबेटरपुढे जाऊन उभी राहिली. दारावर तिचाच कागद. वरच्या पट्टीवर हिरवे आकडे: सदतीस पूर्णांक शून्य. इतका आज्ञाधारक आकडा तिने कधी पाहिला नव्हता. तिने दार उघडलं, काचपट्ट्यांची पेटी बघितली, ती आता जाळीच्या कप्प्यात एकटीच होती. तिने बंद केलं. पुन्हा सदतीस. काहीच चुकीचं दिसत नव्हतं.

मागे सुशीलाबाई धुतलेल्या नळ्या फडक्यावर पालथ्या घालत होत्या. त्या कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या, "पेटी पूर्वी कशी उबदार लागायची हाताला."

दीपाली वळली. "म्हणजे?"

"म्हणजे काय? सकाळी काचपट्ट्या मीच काढून देते ना भाईंना. पूर्वी पेटी आमच्या डब्यांवर असायची. पार दहाव्या जनावरापर्यंत ऊब असायची तिला. आता पहिल्या-दुसऱ्यालाच गार लागते."

"अहो, मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही कागद लावलात ना. कागदाशी कोण बोलणार?"

दीपालीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो प्रकाश काही सुखाचा नव्हता. तिने खणातून काचेचा थर्मामीटर काढला आणि पेटीशेजारी जाळीवर ठेवला. मग नमुन्याच्या दिवशी होतं तसंच करायला सांगितलं. मैनुद्दीनभाईंनी दार उघडलं, काचपट्टी काढली, लावलं. उघडलं, नळी काढली, लावलं. एका जनावरामागे तीनदा दार उघडत होतं आणि सकाळी बारा जनावरं असायची. यंत्र जुनं, दाराचं रबर झिजलेलं. प्रत्येक वेळी आतली सगळी गरम हवा भस्सकन बाहेर जायची. हवा लगेच पुन्हा तापायची, आणि वरचा आकडा बिचारा हवेचंच सांगायचा: सदतीस. काच मात्र गार होत जायची. चौथ्या जनावराइतकं दार उघडून झालं तेव्हा पेटीजवळचा पारा एकतीसवर होता.

पूर्वी खाली पाच डबे होते. वरण, भाजी, आमटी, भात. सकाळी साडेआठला आत गेले, की नमुने यायच्या वेळेपर्यंत सगळं आतून तापलेलं असायचं. हवा गेली तरी त्यांची ऊब जायची नाही, आणि पेटी त्यांच्याच डोक्यावर बसलेली. सव्वीस वर्षं हे केंद्र सुशीलाबाईंच्या आमटीच्या जिवावर चाललं होतं आणि एकाही रजिस्टरमध्ये त्याची नोंद नव्हती.

"काचेखालची पट्टी गरम असते ना पण," मैनुद्दीनभाई म्हणाले. सूक्ष्मदर्शकाखाली एक तापणारी पट्टी होती.

"थेंब आधी काचेवर पडतो, भाई. पट्टी काच तापवेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं." हे वाक्य बोलताना तिला कॉलेजातली ती स्वतःच आठवली, मित्रमैत्रिणींना ऐटीत समजावून सांगणारी, आणि तिला फार लाज वाटली.

तिने थर्मामीटर टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "चूक माझी आहे. पण अन्न आत जाणार नाही, ते मी सांगितलेलं बरोबर होतं. मला तुमचे डबे हवेत. रिकामे, घासलेले."

जेवणं उरकली होती. पाचही डबे आले. दीपालीने ते स्वतः घासले, सुशीलाबाई नको नको म्हणत असताना. गळ्यापर्यंत कोमट पाणी भरलं, झाकणं घट्ट लावली आणि खालच्या कप्प्यात ओळीने मांडले, त्यांच्यावर काचपट्ट्यांची पेटी, शेजारी द्रावाच्या नळ्या. दोन तासांनी सगळे पुन्हा जमले. छत्तीस वेळा दार उघडलं, लावलं. मैनुद्दीनभाई मोठ्याने मोजत होते. पेटीजवळचा पारा साडेछत्तीसच्या खाली उतरला नाही.

"म्हणजे आता आम्ही घरी डब्याशिवाय जायचं," सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दीड महिन्याने पहिल्यांदा खोडसाळपणा आला होता.

गुरुवारी सकाळी गोठ्यावर कोवळं ऊन पडलं होतं. सरदार त्यात उभा होता, पाठीवर पोत्याचे धागे चिकटलेले, आपल्यावर काय बेतलं आहे याची गंधवार्ता नसलेला. सातवा नंबर त्याचा. खिडकीतून नळी आली आणि खिडकीपलीकडे उत्तरेश्वरचा चेहराही तिथेच राहिला, हलेना.

दीपालीने रात्रभर एका गोष्टीचा विचार केला होता: आपल्याला हा रेडा पास व्हायला हवा आहे, आणि ज्याला काही हवं असतं त्याने मोजू नये. म्हणून तिने मोजणी मैनुद्दीनभाईंकडे दिली. एकाच नळीतले दोन थेंब. एक डब्यांपासून दूर जाळीवर ठेवलेल्या काचपट्टीवर, एक डब्यावरच्या पेटीतल्या काचपट्टीवर. कुठली कुठली, हे फक्त सुशीलाबाईंना माहीत, आणि त्यांनी तोंडाला पदर लावून ठेवला होता.

मैनुद्दीनभाईंनी पहिली काच लावली. पडद्यावर शुक्राणू दिसले, काही धावणारे, बरेच जागच्या जागी वळवळणारे. ते मोजत राहिले. कागदावर लिहिलं. दुसरी लावली. पडद्यावर एकदम गर्दी उसळली, आणि काय पाहतोय ते उत्तरेश्वरला कळत नसूनही तो खिडकीतून आणखी आत वाकला. मैनुद्दीनभाई पुन्हा तेवढ्याच सावकाश मोजत राहिले. या माणसाला घाई करता येत नाही हे दीपालीला तेव्हा जितकं जाचलं तितकं कधी जाचलं नव्हतं.

"पहिली एकसष्ट," ते म्हणाले. "दुसरी चौऱ्याहत्तर."

सुशीलाबाईंनी पदर बाजूला केला. "दुसरी डब्यावरची."

दीपालीचा जीव भांड्यात पडला. तिने खिडकीकडे पाहून मान हलवली. उत्तरेश्वरने मफलरने तोंड पुसलं आणि सरदारला घेऊन चालू लागला. चालताना तो त्याच्याशी काहीतरी बोलत होता, ते इकडे ऐकू आलं नाही.

त्या दुपारी तिने वरच्या साहेबांना पत्र लिहिलं. अजून तिची नोकरी कायम झाली नव्हती, तरी पत्रात तिने आडवळण घेतलं नाही. सरदारचे मागचे तिन्ही नापास शेरे रद्द करावेत, चूक जनावराची नसून तपासणीची होती, आणि तपासणीतला बदल मी केला होता, असं तिने सरळ लिहिलं. दाराचं नवीन रबर मागवलं. ते यायला किती दिवस लागतील हे मैनुद्दीनभाईंनी बोटांवर न मोजता नुसत्या हसण्यातून सांगितलं. साहेब प्रयोगशाळेत आले, थर्मामीटर पाहिला, दार उघडून डबे पाहिले, आणि "आत पाणीच आहे ना?" एवढं विचारून सही करून गेले.

प्रश्न उरला जेवणाचा. अडगळीच्या खोलीत एक जुना, विजेवर तापणारा छोटा पाण्याचा हौद होता, नळ्या ठेवायचा, गळका म्हणून टाकून दिलेला. मैनुद्दीनभाईंनी तो सोल्डरचा डाग देऊन दुरुस्त केला आणि प्रयोगशाळेच्या बाहेर, व्हरांड्यात मांडला. डबे तरंगू नयेत म्हणून उत्तरेश्वरने गोठ्याच्या बांधकामातल्या दोन विटा आणून दिल्या. वरण-भात आता सदतीसवर नव्हे, तर चांगला साठवर गरम होऊ लागला. सुशीलाबाई म्हणाल्या, आधीच असं केलं असतं तर. कुणी केलं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

पण डबे तर इन्क्युबेटरमध्ये अडकलेले, आणि लोक प्लॅस्टिकच्या डब्यांत जेवण आणत होते. शनिवारी दीपाली मंडईजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेली. पाच डबे घेतले, जाड बुडाचे, घट्ट झाकणांचे. प्रत्येकात थोडं पाणी घालून उलटं करून पाहिलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, आमटी न्यायची की समुद्र?"

"पाणीच न्यायचंय," ती म्हणाली.

त्याने मशीन पुढे ओढलं. "नाव काय घालू?"

भांड्यावर नाव घालतात, हे ती विसरूनच गेली होती. घरी आजीच्या लग्नातल्या तांब्यांपासून सगळ्यांवर कुणा ना कुणाचं नाव होतं, आणि नाव घातलेलं भांडं कुठेही गेलं तरी घरी परत यायचं. तिने क्षणभर विचार केला आणि सांगितलं. दुकानदाराने पाचही डब्यांवर तेच नाव घातलं. एकाच माणसाला पाच डबे कशाला, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण शनिवारची गर्दी होती, त्याने विचारलं नाही.

सोमवारी जुने डबे ज्याचे त्याला परत मिळाले आणि नवे आत गेले. दाराला लावलेला कागद दीपालीने काढून टाकला होता. त्या जागी काही लावू का, असं मैनुद्दीनभाईंनी विचारलं, तेव्हा ती नको म्हणाली.

सकाळचे नमुने संपल्यावर तिने उत्तरेश्वरला आत बोलावलं. तो पायरीवरच थांबला. "पाय धुवा आणि या," ती म्हणाली. त्याने नळावर पाय धुतले, घोट्यापर्यंत, मग पुन्हा धुतले, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा प्रयोगशाळेच्या आत आला. तिने इन्क्युबेटरचं दार उघडलं आणि पुढचा डबा काढून त्याच्या हातात दिला. डबा कोमट होता. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, मग अंगठा झाकणावरच्या ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांवरून एकेक करत फिरवला. वाचायला त्याला जरा वेळ लागायचा.

"सरदार," तो म्हणाला.

"पाचही त्याचेच आहेत."

उत्तरेश्वरने वाकून आत पाहिलं, बाकीचे चार मोजले. मग हातातला डबा त्याच्या जागेवर अगदी जपून ठेवला, झाकणावरचं नाव समोर येईल असा फिरवला.

"नावाचं भांडं हाय म्हंजी," तो म्हणाला, "आता कुठं जात न्हाय."

"नाही जात," दीपाली म्हणाली, आणि आतली ऊब जाऊ नये म्हणून तिने दार लावून घेतलं.